आम्ही, पेशवा खानदान

लखनऊला डोंगर नाही. शहरात उंचावरून काही बघायचं तर इमामबाड्याच्या गच्चीवर चढायचं, नाहीतर कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावर पतंग उडवणाऱ्यांच्या मागे उभं राहायचं. म्हणूनच की काय, आमच्या चर्चमधल्या लोकांना डोंगराचं फार वेड होतं. त्यांनी चालणाऱ्यांचं एक मंडळ काढलं होतं, त्याला सगळे नुसतं 'फेलोशिप' म्हणत. दर दुसऱ्या शनिवारी ही मंडळी गोमतीच्या बंधाऱ्यावरून गाणी म्हणत चालायची, आणि वर्षातून एकदा, दसरा-दिवाळीच्या मध्ये, रात्रीची गाडी पकडून काठगोदामला उतरायची, तिथून मिनीबसने वर जायची आणि दिवसभरात एखादी टेकडी चढून-उतरून परत यायची. त्यातल्या एका टेकडीबद्दल लिहायचं मी याआधी तीनदा ठरवलं आणि तीनदा घराबद्दलच लिहीत बसले. याही वेळी सुरुवात घरापासूनच करते, कारण घर सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

घर म्हणजे आलमबागकडचं रेल्वेचं क्वार्टर. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड आणि भिंतीपलीकडे वर्कशॉप. पपा वर्कशॉपमध्ये इंजिनिअर होते. सकाळचा भोंगा झाला की कपातला चहा थरथरायचा आणि पपा उठायचे. संध्याकाळचा झाला की आई कणीक मळायला घ्यायची. आई लग्नाआधी नगर जिल्ह्यातल्या एका मिशन हॉस्पिटलात नर्स होती. लखनऊत तिने नोकरी केली नाही, पण कॉलनीतल्या कुणाला इंजेक्शन टोचायचं असलं, कुणाचं बाळ दूध ओढत नसलं, की लोक आमच्या दाराशी यायचे. "बहनजी, ज़रा देख लीजिए," म्हणत उभे राहायचे. ती चूल सोडून जायची. मग मला भाकरी उलटावी लागायची आणि ती करपायची. गल्ला बाजारातून ज्वारी निवडून आणणारं आमचं एकच घर होतं. नगरहून वर्षातून दोनदा पार्सल यायचं. त्यात काळा मसाला, सुके बोंबील आणि शेंगदाण्याची चटणी असायची. बोंबील भाजले की वरच्या मजल्यावरच्या शर्मा काकी खिडक्या लावून घ्यायच्या, अगदी हळूच, आवाज होऊ न देता. लखनऊत वैरसुद्धा तसंच करतात, आवाज होऊ न देता.

आडनाव साळवे. उत्तरेत हे आडनाव कुणाच्या ओळखीचं नव्हतं आणि तेच पपांच्या पथ्यावर पडलं होतं. पपा गोरे, उंच, इंग्रजी उत्तम. ते बदलून आले त्या पहिल्याच आठवड्यात शर्माजींनी जिन्यात त्यांना विचारलं होतं, "साळवे यानी? पेशवा लोग?" पपा हसले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्या एका हसण्यावर आम्ही पुढची वीस वर्षं काढली. शर्माजींनी ते कॉलनीत सांगितलं, कॉलनीतून ते चर्चमध्ये गेलं, आणि चर्चमध्ये तर ते फारच उपयोगी ठरलं. कारण ख्रिस्ती माणसाला तिकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि विचारणारा बहुतेक वेळा ख्रिस्तीच असतो: "वैसे आप लोग पहले क्या थे?" पहले म्हणजे बाप्तिस्म्याच्या आधी, चार पिढ्यांमागे. आम्हांला कुणी विचारत नसे. आमच्या वतीने दुसरेच सांगत, "साळवे जी तो पेशवा खानदान के हैं." पपा नव्या टायची गाठ सारखी करत. रविवारी पहिलं शास्त्रवाचन पपांकडे असायचं. आमचं बाक पुढून दुसरं होतं. मागची बाकं बस्तीतल्या लोकांची. ते नगरपालिकेत आणि रेल्वेत सफाईचं काम करत. त्यांच्यासाठी ती बाकं कुणी ठरवून दिलेली नव्हती. ते येत आणि मागेच बसत.

आमचे पणजोबा महार होते. गावाबाहेर राहात होते, मिशनच्या शाळेत शिकले, मास्तर झाले. हे मला ठाऊक होतं, कारण नगरला आजोळी ते कुणी लपवत नसे. मामा तर अभिमानाने सांगायचा. पपांचं म्हणणं असं, की विचारत नाहीत तोवर सांगायचं कशाला. आईचं म्हणणं असं, की विचारलं तर खोटं बोलायचं नाही. दोघांच्या म्हणण्यात भांडण नव्हतं, कारण विचारतच नव्हतं कुणी. आणि माझं म्हणणं काय होतं, तर मला पेशवा व्हायला फार आवडत होतं. मी सोळा वर्षांची होते. शाळेत मुली मला "पंडिताइन" म्हणायच्या आणि मी ते खपवून घ्यायचे. आई मराठीत बोलायची, मी हिंदीत उत्तर द्यायचे. घरात ती 'आई' होती, दाराबाहेर पाऊल पडलं की 'मम्मी'. तिची चापूनचोपून घातलेली तेलकट वेणी, तिचं "मेरे को" आणि "हमारे को", चारचौघांत पदराने मान पुसणं, यातलं काहीच मला सहन होत नव्हतं. आज मी बाहेरगावाहून परतले की माझी भाची अमौसीच्या विमानतळावरून मला न्यायला येते आणि गाडीत मी मराठी बोलले की कानात काहीतरी खुपसून घेते. मी तिला काही बोलत नाही. मला तो हक्क नाही.

फेलोशिपचे पुढारी होते विक्टर सिंह. एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर. सगळे त्यांना सर म्हणत. गळ्यात शिटी, डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीवर लाल दोऱ्याने भरलेला क्रूस. तशाच टोप्या त्यांनी सगळ्यांना करून दिल्या होत्या. ते कधी ओरडत नसत. कुणाचा अपमान करायचा असला की ते आवाज आणखी मऊ करत आणि 'आप' जास्त वेळा वापरत. त्यांची बायको ग्रेस आंटी, आणि मुलगी शीबा. शीबा माझ्याच वर्गात होती. तिच्या घरी पियानो होता, भिंतीवर पणजोबांचा खांद्याला बंदूक लावलेला फोटो होता. शीबाने मला मैत्रीण म्हणावं यासाठी मी काय काय केलं ते लिहिण्यासारखं नाही. त्या वर्षी तिने मला फेलोशिपच्या डोंगरावर यायला सांगितलं आणि मी आठवडाभर हवेत होते. मग सरांनी निरोप पाठवला, की मुलींच्या मानाने मोठ्या बायका कमी पडताहेत, तेव्हा मिसेस साळवेंनी यावं. त्या नर्सही आहेत.

"तू मत आ ना," मी आईला म्हटलं.

"का गं?"

"तुझसे चढ़ा नहीं जाएगा."

"नगरला तीन मैल चालत ड्यूटीला जायचे मी," ती म्हणाली आणि पिठाचा डबा खाली काढला. तिने तीसेक धपाटे केले. ती लाटत होती आणि मी दार आपटून आत गेले. त्या प्रवासाआधी आमच्यात बोलणं असं एवढंच झालं होतं.

सकाळी मिनीबस वर पोचली. आम्ही चौदा जण होतो. बस थांबली तिथे चहाच्या टपरीवर आईने डबा उघडला आणि धपाटे फिरवले. ग्रेस आंटींनी दोन खाल्ले. सर म्हणाले, "वाह मिसेस साळवे, यह है पेशवाई पराठा." सगळे हसले. आईही हसली, पण तिने मान खाली घालून चटणी वाढली. मला त्या क्षणी तिचा किती अभिमान वाटला होता हे सांगायला हवं. म्हणजे मला आईचा अभिमान वाटायचा तो असा, ती दुसरीच कुणी आहे असं लोकांना वाटलं तर. डब्यात निम्मे उरले, ते तिने दुपारसाठी बांधून ठेवले.

वाट आधी शेतांतून आणि मग बांजाच्या, म्हणजे डोंगरी ओकच्या, जंगलातून चढत होती. सर पुढे, मग तरुण मुलं, मध्ये आम्ही मुली, मागे बायका. सरांचे नियम होते: वाट सोडायची नाही, गाणं मध्येच थांबवायचं नाही, आणि पाणी जपून वापरायचं. पाण्याचं ओझं नको म्हणून प्रत्येकाने एकच बाटली घ्यायची, कारण अर्ध्या वाटेवर झरा आहे, तिथे भरून घेऊ, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. आईने दोन घेतल्या होत्या. सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "आपको हम पर भरोसा नहीं, मिसेस साळवे." आई म्हणाली, "आदत है." थंडीचे दिवस होते, पण ऊन असं लागत होतं की दहाच्या सुमारास आईची दुसरी सोडून सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. गाणं केव्हा बंद पडलं ते कळलंही नाही.

झरा म्हणजे एक नौला होता. दगडी छपराखाली पाण्याचं चौकोनी टाकं आणि त्यात उतरायला चार पायऱ्या. पाणी इतकं स्वच्छ की तळाचा दगड दिसत होता. पायरीवर एक म्हातारी तांब्याची कळशी मातीने घासत बसली होती. आम्हांला बघून तिने हात थांबवला.

"कहाँ से आए आप लोग?"

"लखनऊ से, माताजी," सर म्हणाले. "पानी भरना है."

तिने टोपीवरच्या क्रूसाकडे पाहिलं. "क्रिस्तान ठैरे?"

"जी."

"तो नीचे मत उतरना. बर्तन वहीं रख दो. मैं ऊपर से डाल देती हूँ."

ती रागावली नव्हती. चपला कुठे काढायच्या हे सांगावं तसं तिने सांगितलं. आम्ही बाटल्या ओळीने ठेवल्या असत्या तर तिने भरून दिल्या असत्या आणि दहा मिनिटांत आम्ही पुढे गेलो असतो. या गोष्टीचा मी पुढे खूप विचार केला. ती म्हातारी जे करत होती ते वाईटच होतं, पण ती आम्हां चौदाही जणांना एकाच मापाने मोजत होती. सरांना ते माप सोसलं नाही. त्यांचा आवाज मऊ झाला.

"माताजी, आप ग़लत समझ रही हैं. हम ऐसे-वैसे क्रिस्तान नहीं हैं. मेरे परदादा ठाकुर थे. ज़मींदारी थी हमारी."

"थे ना," म्हातारी म्हणाली. "अब तो नहीं ठैरे."

"ख़ून थोड़े ही बदलता है," सर म्हणाले.

रविवारी उपदेश करणारा हा माणूस. मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं की पाण्याने माणूस नवा होतो. इथे पाण्याच्या कडेला उभं राहून ते एकेकाकडे बोट दाखवू लागले. हे कायस्थ, यांचे आजोबा इथलेच पंत ब्राह्मण, हे सय्यद घराण्यातले. आणि शेवटी त्यांचं बोट आईवर आलं. "और ये तो महाराष्ट्र की ब्राह्मण हैं. पेशवा ख़ानदान."

म्हातारीने आईकडे नीट पाहिलं. तेलकट वेणी, कपाळ मोकळं, पण अंगावर साडी. बाकीच्या बायका सलवार-कमीजमध्ये होत्या. तिला पटलं असावं. "बामणी हो?" ती म्हणाली. "तो आप उतर आओ बहनजी. जूते उधर खोल दो. आप ही निकाल के सबको दे दो, मैं कुछ नहीं कहूँगी."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. ग्रेस आंटी म्हणाल्या, "जाइए, जाइए." आई एका दगडावर बसली आणि कॅन्व्हासच्या बुटाची नाडी सोडू लागली. एक बूट काढून तिने बाजूला ठेवला. मी मनात म्हणत होते, लवकर कर. मग तिचा हात दुसऱ्या बुटावर थांबला. तिने वर पाहिलं, माझ्याकडे. परवानगी मागावी तसं नव्हे. मी काय म्हणते ते बघावं तसं. मी म्हटलं, "हाँ मम्मी, जाओ ना."

आई म्हातारीकडे वळली. "माई, मैं नहीं उतरती. आपको किसी ने झूठ बोला है. हम लोग ब्राह्मण नहीं. मेरे दादा और मेरे ससुर के दादा, दोनों महार थे. गाँव के बाहर रहते थे. हमारे को भी कुएँ पर ऐसा ऊपर से ही डालते थे."

महार हा शब्द तिथे कुणाला ठाऊक नसेल, पण बाकीचं सगळ्यांना कळलं. शीबा माझ्या शेजारी उभी होती. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता, तो दूर झाला. आणि मी बोलले. कुणी मला विचारलं नव्हतं, कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं.

"मम्मी की तबीयत ठीक नहीं है," मी म्हटलं. "सुबह से चक्कर आ रहे हैं. कुछ भी बोल रही हैं. हम ब्राह्मण ही हैं."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने काढलेला बूट पुन्हा पायात घातला आणि नाडीला दोन गाठी मारल्या.

म्हातारी उठली. "एक बोलता है ठाकुर. एक बोलती है बामण. माँ कुछ, बेटी कुछ," ती म्हणाली. "मैं किसकी सुनूँ? जाओ आप लोग. उस तरफ़ उतरोगे तो नीचे धारा मिलेगी, वहाँ पी लेना." आणि ती पायऱ्यांच्या तोंडाशी आडवी बसली, कळशी मांडीवर घेऊन.

सरांनी दोनदा विनवलं, मग सोडून दिलं. ती धारा उतरणीच्या बाजूला होती, म्हणजे शिखरावर जाऊन पलीकडे उतरल्यावर. तीन-साडेतीन तास तरी पाणी नाही. वाटेला लागण्याआधी सर आईजवळ आले. "मिसेस साळवे, सच बोलने का भी एक मौक़ा होता है. चौदह लोग प्यासे हैं. आपने यह ख़याल नहीं फ़रमाया."

"वो तो डालके दे रही थी," आई म्हणाली. "आपको ही चलता नहीं था."

त्यांनी टोपी सारखी केली आणि शिटी वाजवली.

वरची चढण मला पूर्ण आठवते, कारण ओळीचा क्रम बदलला होता. शीबा पुढे मुलांमध्ये गेली. माझ्या पुढे दहा पावलं रिकामी, मागे दहा पावलं रिकामी. सगळ्यांत मागे आई. मधल्या बायका पुढे सरकल्या होत्या. कुणी काही वाईट बोलत नव्हतं. ग्रेस आंटी कुणाला तरी म्हणाल्या, "हमने तो उनके हाथ का नाश्ता भी किया," एवढंच, आणि तेही तक्रार म्हणून नव्हे, काहीतरी लक्षात आल्यासारखं. माझी जीभ टाळूला चिकटत होती. आईने एकदा मागून हाक मारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, मराठीत: "करुणा, पाणी पी."

"नहीं चाहिए," मी वळूनही न बघता म्हटलं.

शिखरावर एक सपाट माळ होता आणि समोर सगळं हिमालयाचं बर्फ. लखनऊच्या माणसाने तसं काही पाहिलेलं नसतं. मी ते पाहिलं, पण मला त्यातलं फार थोडं आठवतं. मला आठवतो तो आईचा हात. तिने दुसरी बाटली उघडली आणि ग्रेस आंटींसमोर धरली. त्यांचे ओठ फुटले होते, कडेला पांढरं जमलं होतं. "नहीं नहीं, आप रखिए," त्या गोड हसून म्हणाल्या. "हमें प्यास नहीं है." आईने बाटली पुढच्या बाईसमोर धरली. तिलाही प्यास नव्हती. तिसरीकडे आई गेली नाही. ती एका मोठ्या दगडावर बसली, आमच्याकडे पाठ करून, डबा उघडला, चटणी लावून धपाटा खाल्ला आणि वर पाणी प्याली. सावकाश, घोटाघोटाने. सगळे तो आवाज ऐकत होते. तिने मुद्दाम तसं केलं का, हे मला आजही सांगता येणार नाही. केलं असेल तर बरंच केलं.

मग सरांनी सगळ्यांना गोल करून हात धरायला सांगितले. त्यांनी डोंगरांवरचं एक स्तोत्र वाचलं आणि प्रार्थना केली. देवाने आपल्याला एक कुटुंब केलं आहे, त्याबद्दल त्यांनी आभार मानले. गोल तेरा जणांचा होता. मी त्यात होते. माझ्या उजवीकडच्या मुलाने हात धरला नव्हता, फक्त बाही माझ्या बाहीला टेकवली होती. डावीकडे शीबाने माझी दोन बोटं धरली होती, ओलं फडकं धरतात तशी. मला वाटत होतं, दोन तरी धरली आहेत.

धारेपाशी पोचलो तेव्हा सगळे जनावरांसारखे पाण्यावर पडले. मीही पडले. आई तिथे थांबली नाही. ती खाली, वळसा घालून आलेल्या बसपर्यंत, एकटी चालत गेली आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून राहिली.

तिने घरी आल्यावर पपांना सगळं सांगितलं; मी जे बोलले ते सोडून. पपा जेवत होते. ताटावरून उठले नाहीत, पण हात थांबला.

"काय गरज होती, सुशीला?"

"तिने विचारलं."

"डोंगरावरची बाई ती. पुन्हा आयुष्यात भेटणार नव्हती. पाणी काढून द्यायचं आणि पुढे जायचं."

"मग तुम्ही जायचं होतं," आई म्हणाली आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली.

पपा तिच्याशी महिनाभर धड बोलले नाहीत. मी तर त्यांच्या बाजूचीच होते. मला वाटायचं, आईने आमचं घर मोडलं. चर्चमध्ये कुणी काही म्हटलं नाही. त्यानंतरच्या रविवारी वाचनाच्या यादीत पपांचं नाव नव्हतं. पाद्रींनी समजावलं, की नव्या लोकांना संधी द्यायची आहे. दुसऱ्या बाकावर आम्ही बसलो तर ग्रेस आंटींनी पर्स आमच्या आणि त्यांच्या मध्ये ठेवली. एक पर्स, तपकिरी. पहिलं गीत सुरू झालं, सगळे उभे राहिले, आणि आई बाकातून बाहेर पडून मधल्या वाटेने मागे चालत गेली. मला वाटलं, ती घरी निघाली. ती शेवटून दुसऱ्या बाकाशी थांबली. तिथल्या बाईने सरकून जागा दिली. आईने तिच्या सुनेचं बाळंतपण केलं होतं म्हणे, हे मला नंतर कळलं. आई तिथे बसली आणि पुढे मरेपर्यंत तिथेच बसत राहिली. पपा आणि मी पुढेच बसलो. आमच्या मध्ये अकरा बाकं. पपा निवृत्त होऊन दोन वर्षांत गेले. त्यांच्या शवपेटीजवळ पुढच्या बाकावर बसायचं म्हणून त्या एका दिवशी आई पुढे आली होती.

फेलोशिप अजून आहे. आता त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि कुणीतरी माझं नाव त्यात घातलं आहे. गेल्या दसऱ्यानंतर त्याच शिखराचे फोटो आले. तिथे आता लोखंडी कठडा आहे, पाटी आहे, लोक पाठमोरे उभे राहून स्वतःचेच फोटो काढतात. सगळे गोल करून हात धरून उभे. चेहरे तरुण आहेत, मला त्यांच्यातलं कुणी ओळखीचं नाही, त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. तरी मी तो फोटो पुसून टाकला. या बाबतीत माझ्यात फारशी सुधारणा झालेली नाही.

आई शेवटची सहा वर्षं माझ्याकडे होती, जानकीपुरमच्या या घरात. तिची नजर गेली होती, म्हणून तिची नखं मी काढायचे. एका दुपारी ती गच्चीत उन्हाला पाय सोडून बसली होती. मी तिचा डावा पाय मांडीवर घेतला होता. मला का कोण जाणे वाटलं की आज बोललं नाही तर राहून जाईल. इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी त्या नौल्याबद्दल एक शब्द काढला नव्हता.

"आई," मी मराठीत म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले."

कुठल्या दिवशी, असं तिने विचारलं नाही. "चक्कर येतेय म्हणालीस मला."

"हो."

"येत नव्हती."

"माहीत आहे मला."

खालून भाजीवाला ओरडत गेला. "त्या लोकांचं मला काही वाटलं नाही," ती म्हणाली. "ते परकेच होते. तुझं वाटलं."

"माफ कर."

"करून बघितलं गं," आई म्हणाली. "तेव्हाच बघितलं, मग दर वर्षी चाळीस दिवसांचे उपास आले की बघितलं. प्रार्थना केली, उपास केले. नाही जमलं मला." तिने डावा पाय माझ्या मांडीवरून खाली घेतला आणि उजवा वर ठेवला. "आता हा घे. अंगठ्याचं जपून काढ, आत गेलंय ते."